पूर्ण हजेरी पारितोषिकास माझ्या पतींचे नाव न देणेबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
पाठ्यपुस्तक मुद्रणालय,
मुख्य इमारत, पहिला मजला.

विषय : मुद्रितशोधन कक्षातील दिवंगत मूळप्रत वाचक यांचे नाव पूर्ण हजेरी पारितोषिकास न देणेबाबत, तसेच सदर कक्षातील नव्या वाचक मुलीच्या आजच्या गैरहजेरीबाबत.

संदर्भ : आपले निमंत्रणपत्र, जे मुद्रणालयाच्या शिपायाने गेल्या आठवड्यात घरी आणून दिले.

महोदय,

निमंत्रण मिळाले. येत्या शुक्रवारी मुद्रणालयाच्या सभागृहात समारंभ असून माझ्या पतींच्या नावाने यंदापासून सुरू होणारे पूर्ण हजेरीचे पारितोषिक माझ्या हस्ते द्यावयाचे आहे, असे त्यात नमूद आहे. कार्ड जाड असून त्यांचे नाव सोनेरी अक्षरांत छापले आहे. आपण हे सद्भावनेने योजले आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही. तथापि सदर पारितोषिकास त्यांचे नाव देऊ नये, ही माझी विनंती आहे. कारणे खाली देत आहे. मी व्यवसायाने टंकलेखक असून न्यायालयाच्या पायऱ्यांजवळ बसून लोकांचे अर्ज टंकित करून देते. साहेबांना वेळ नसतो, काय ते एका पानात आटपा, असे मीच लोकांना सांगते. माझा स्वतःचा अर्ज एका पानात बसला नाही, याबद्दल क्षमा असावी.

१. आपले कार्यालय पहिल्या मजल्यावर असल्याने तळमजल्यावरील कक्षाची थोडी माहिती देणे आवश्यक वाटते. छपाईयंत्रांच्या मागे, कागदाच्या गोदामाला लागून ही खोली आहे. तिच्यात दोन टेबले आहेत. प्रत्येक टेबलाशी दोन माणसे समोरासमोर बसतात. एकाने हस्तलिखित मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर चुका शोधायच्या. वाचणाऱ्याने नुसते शब्द वाचून भागत नाही. स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस सुरू, कंस पूर्ण, सगळे तोंडाने म्हणावे लागते. दिवसभर एकाचे तोंड दुसऱ्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर असते. खोलीला एक खिडकी आहे. ती बंद असते, कारण उघडली तर कागद उडतात.

माझे पती या खोलीत मूळप्रत वाचक होते. त्या कामाची त्यांना इतकी सवय झाली होती की घरीही ते तसेच बोलत. सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारायचे, "चहा झाला का, प्रश्नचिन्ह." मी रागावले की म्हणायचे, "उद्गारचिन्ह कमी करा." आमचे लग्न झाल्यावर पहिले काही दिवस मला हे विचित्र वाटले. पुढे मीही तशीच बोलू लागले. आमच्या भांडणांत विरामचिन्हेच जास्त असत.

२. त्यांनी कधी रजा घेतली नाही, हे खरे आहे. प्रत्येक वर्षी त्याबद्दल मुद्रणालयाने त्यांना भिंतीवरचे घड्याळ दिले. आमच्या घरात सगळ्या खोल्यांत, न्हाणीघराच्या बाहेरसुद्धा घड्याळ आहे आणि कोणत्याही दोन घड्याळांत एक वेळ नसते. मुद्रणालयाच्या प्रवेशद्वाराशी जो सन्मानफलक आहे, त्यावर त्यांचे नाव सर्वांत वर आहे, हेही मला माहीत आहे. मात्र ते हे घड्याळांसाठी करत नव्हते. मुलांच्या हातात चुकीचे पुस्तक जाऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे असे. गणिताच्या पुस्तकात एक आकडा चुकला, तर कुठे तरी एखादं पोर उत्तर बरोबर काढूनही मार खाईल, असे ते म्हणत. आम्हाला मूल नाही. त्यामुळे ही सगळी अनोळखी पोरे त्यांनी आपलीच मानली होती, असे मला आता वाटते.

३. सदर कक्षात सर्दी, पडसे, ताप यांचा फेरा दरवर्षी येई. एकाला शिंक आली की आठवड्यात चौघांचीही नाके लाल झालेली असत. यावर उपाय म्हणून त्यांच्या समोर बसणाऱ्या मुद्रितशोधकांनी (मी त्यांना भावोजी म्हणते, पुढेही तसाच उल्लेख करते) खिडकी उघडी ठेवण्याची परवानगी मागितली होती. तो अर्ज मीच टंकित करून दिला होता. उत्तर असे आले की खिडकी इमारत विभागाकडे येते, हवेचा विषय आरोग्य अधिकाऱ्यांकडे येतो आणि उडणाऱ्या कागदांचा विषय गोदामाकडे येतो, सबब तिन्ही विभागांची एकत्रित संमती घ्यावी. भावोजींनी कागदांवर ठेवायला लोखंडी वजने मागितली. वजने आली. ती गोदामाच्या कुलपात ठेवण्यात आली.

४. या वर्षीचा ताप नेहमीपेक्षा वाईट होता, हे आपणही अनुभवले असेल. रस्त्यात माणसे अंग चोरून चालत होती. मुद्रणालयाच्या फलकावर त्या वेळी दोन सूचना शेजारी शेजारी लावलेल्या होत्या. एकीत लिहिले होते, सर्दी-तापाची लक्षणे असणाऱ्यांनी कामावर येऊ नये. दुसरीत लिहिले होते, आजारपणाची रजा पूर्ण हजेरीच्या नियमातून वगळली जाणार नाही आणि तात्पुरत्या कर्मचाऱ्यांच्या मुदतवाढीचा विचार हजेरी पाहूनच होईल. दोन्हींखाली सही एकच होती. ती आपली होती. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. एकाच दिवशी अनेक कागद सहीला आले की असे होते, हे मी माझ्या धंद्यात रोज पाहते.

५. माझ्या पतींना सोमवारी संध्याकाळी कणकण वाटू लागली. मंगळवारी सकाळी अंग भट्टीसारखे तापले होते आणि घसा पार बसला होता. मी म्हटले, आज नाही जायचे. प्रथमच त्यांनी ऐकले, कूस बदलून पडून राहिले. मला हायसे वाटले. मी वाफेसाठी पाणी ठेवले. एवढ्यात कक्षप्रमुखांचा फोन आला. दुसऱ्या टेबलावरचे दोघेही तापाने घरी होते. वाचणारे कोणी नव्हते. कक्षप्रमुख म्हणाले, "एकच पत्रक आहे हो. दोन तासांचं काम. वाचा आणि लगेच घरी जा. वरून घाई आहे."

ते पत्रक कोणते होते, हे आपणास माहीत आहे. "कामाची जागा निरोगी ठेवा : सर्दी-तापापासून बचाव" असे त्याचे नाव. सगळी कार्यालये, कारखाने, दवाखाने येथे ते त्याच आठवड्यात पोचायला हवे होते.

मी म्हटले, तुम्हाला ताप आहे, उभं राहवत नाहीये तुम्हाला. ते म्हणाले, "ताप आहे, पूर्णविराम. पण पत्रक तापावरचंच आहे. ते तापातच वाचलेलं बरं." मी त्यांच्या चपला पलंगाखाली लांब सरकवल्या. ते गुडघ्यांवर बसले, आत हात घालताना खोकले, चपला काढून पायात घातल्या आणि मला म्हणाले, "हे काय लहान मुलासारखं." मग गेले. मी दाराला कडी घालून आडवी उभी राहायला हवे होते की नाही, याचा विचार मी करत असते. त्याबाबत आपणाकडे काही मागणी नाही.

६. दोन तासांचे काम दिवसभर चालले. पुढील हकीगत मला भावोजींनी सांगितली. खोकताना तोंडावर रुमाल धरावा की कोपर, यावर तज्ज्ञांच्या समितीत मतभेद होते. सकाळी मजकुरात रुमाल होता. दुपारी वरून निरोप आला की कोपर करा. कोपर केल्यावर ओळी सरकल्या, म्हणून सगळे पत्रक पहिल्यापासून पुन्हा वाचावे लागले. संध्याकाळी निरोप आला की रुमालच ठेवा. पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या वाचनाच्या वेळी एक ओळ आली : ताप असल्यास कामावर जाऊ नये, पूर्णविराम. माझे पती तिथे थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, भावोजींकडे पाहिले आणि हसू लागले. भावोजीही हसू लागले. दोघांनाही हसू आवरेना. हे सांगताना भावोजी माझ्यासमोर मान खाली घालून बसले होते. म्हणाले, "वहिनी, तेव्हा खरंच हसण्यासारखं होतं ते." मग पुढची ओळ वाचायला घेतली.

तिसऱ्या वाचनापर्यंत त्यांचा आवाज राहिला नव्हता. नुसती हवा बाहेर पडत होती. ऐकू यावे म्हणून भावोजी टेबलावर पुढे वाकले आणि त्यांनी आपला कान माझ्या पतींच्या तोंडाशी नेला. अशा रीतीने, शेजाऱ्यापासून पुरेसे अंतर ठेवावे, हे वाक्य त्यांनी तपासले.

७. ते घरी आले तेव्हा चपला न काढता पलंगावर बसले. मला पाणी हवे, एवढेच म्हणाले. त्यात विरामचिन्ह नव्हते. पहाटे त्यांचा श्वास भरभर चालू लागला आणि ओठ निळसर दिसू लागले, तेव्हा शेजाऱ्यांच्या गाडीतून त्यांना रुग्णालयात नेले. फुप्फुसांत पाणी झाले आहे, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. मला आत जाऊ देत नव्हते. मी बाहेरच्या बाकावर बसून असे. दोन-तीन दिवसांनी एक परिचारक हातात कागदांचा गठ्ठा घेऊन आला आणि त्यातला एक कागद त्याने माझ्या डोक्यावरच्या भिंतीला चिकटवला. शाई नवी होती, वासावरून कळत होते. मी उठून ते पत्रक वाचले. सगळे वाचले. त्यात रुमाल होता. चूक कुठेही नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते गेले. भावोजी तेव्हा स्वतःच तापाने पडले होते, त्यामुळे त्यांना शेवटचे दर्शन मिळाले नाही. बरे झाल्यावर ते आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले. मी आत या म्हटले तरी येईनात. "मी त्यांना घरी जा असं एकदाही म्हटलं नाही, वहिनी," म्हणाले. "मला पत्रक संपवायचं होतं." मी त्यांचा हात धरून त्यांना आत आणले. त्यांना काय सांगितले ते इथे लिहीत नाही. त्यांच्यावर माझा राग नाही, एवढे कार्यालयाच्या माहितीसाठी नमूद करते.

८. त्यानंतर आपण शोकसभा घेतलीत. सभागृह भरलेले होते. आपण भाषणात म्हणालात, "शेवटच्या दिवसापर्यंत त्यांनी एकही रजा घेतली नाही. याला म्हणतात निष्ठा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हे बहुधा त्यांच्या लक्षात राहिले नाही आणि मग थांबवणे अवघड झाले असावे. मला या वर्षीचे घड्याळ देण्यात आले. रुग्णालयातले दिवस हजेरीत धरावेत की नाहीत यावर चर्चा झाली होती आणि विशेष बाब म्हणून ते धरण्यात आले, असे आस्थापना विभागाच्या बाईंनी मला कौतुकाने सांगितले. मी उभी राहून, आभारी आहे, असे म्हटले. तेवढेच शब्द त्या वेळी तोंडात होते.

पारितोषिकास त्यांचे नाव देण्याची घोषणा आपण त्याच सभेत केलीत. मला वाटले, लोक चार दिवस आठवण काढतील आणि विसरतील. तसे झाले असते तर मी हा अर्ज केला नसता.

९. काल रविवारी दुपारी माझ्या घरी एक मुलगी आली. माझ्या पतींच्या जागी आपण जी नवी वाचक मुलगी तात्पुरती नेमली आहे, ती. मी तिला पूर्वी पाहिलेले नव्हते. परगावची आहे, दोन मैत्रिणींबरोबर खोली करून राहते. तिने माझ्यासाठी फुले आणली होती. म्हणाली, "काकू, यंदा साहेबांच्या नावाचं बक्षीस मला मिळणार आहे. एकही खाडा नाही माझा. म्हटलं तुम्हाला आधी भेटून यावं." ती त्यांना कधी भेटली नव्हती, तरी साहेब म्हणत होती. आवाज कसा जपायचा, साहेब काय करायचे, असे तिला विचारायचे होते. तिचा स्वतःचा आवाज घोगरा झाला होता. डोळे पाणावलेले होते. बोलता बोलता तिने स्वेटरची बाही ओढून हात आत घेतले. बाहेर चांगले ऊन होते.

मी तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापले होते.

मी म्हटले, उद्या कामावर जायचं नाही. ती म्हणाली, "अहो काकू, हजेरी जाईल." मी म्हटले, जाऊ दे. "असं कसं? पाच दिवस राहिलेत फक्त. लागल्यापासूनची सगळी जाईल. आणि मुदतवाढ?" तिला खोकल्याची उबळ आली. खोकून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "साहेब गेले असते ना, ताप असताना?"

मी म्हटले, गेले होते. म्हणूनच गेले.

तिला हे ठाऊक नव्हते. महोदय, तुमच्या मुद्रणालयात तिला कोणीही हे सांगितलेले नव्हते. ते आजाराने गेले, एवढेच तिला माहीत होते. ते कोणत्या आजाराने, कुठून आलेल्या, कोणत्या खुर्चीत बसून, हे माहीत नसताना ती रोज त्याच खुर्चीत बसून वाचत होती आणि भावोजी तिच्यासमोर बसून ऐकत होते. भावोजींना मी फोन करून विचारले, तुम्ही का सांगितलं नाही? ते म्हणाले, "खुर्चीत कोणी तरी बसायला हवं होतं, वहिनी. रिकामी बघवत नव्हती." मग मी खिडकी अजून बंद आहे का, एवढेच विचारले. आहे, म्हणाले.

१०. वरील सर्व बाबींचा विचार करून पुढीलप्रमाणे व्हावे, ही विनंती.

पारितोषिकास माझ्या पतींचे नाव देऊ नये. छापलेली कार्डे वाया जातील, त्यास नाइलाज आहे. प्रवेशद्वारावरील सन्मानफलकावरूनही त्यांचे नाव उतरवावे. तापाने फणफणलेले कोणी सकाळी आत शिरताना ते नाव वाचते आणि परत फिरण्याऐवजी पुढे जाते. माझ्या पतींना हे आवडले नसते. ते हट्टी होते, पण दुसऱ्याच्या पोराला त्यांनी त्या खोलीत बसू दिले नसते.

कक्षाची खिडकी उघडावी. तिन्ही विभागांच्या संमतीपत्रांचे मसुदे मी टंकित करून सोबत जोडले आहेत, फक्त सह्या व्हायच्या आहेत. वजने गोदामातून काढावीत.

शुक्रवारी मला येता येणार नाही. घरात तापाचे माणूस असल्यास घरच्यांनी गर्दीत जाऊ नये, असे आपल्याच पत्रकात आहे आणि ते तीनदा तपासलेले आहे.

त्यांच्या नावाने काही करावे अशी आपली इच्छा असेलच, तर पारितोषिकाऐवजी ते रजेला द्यावे. सर्दी-ताप असताना घरी थांबणाऱ्यास जी रजा मिळेल, जिची हजेरी कापली जाणार नाही, जिच्यासाठी कोणाला फोनवर गयावया करावे लागणार नाही, अशा रजेला. कोणी तरी सकाळी कक्षप्रमुखांना फोन करून सांगेल, मी आज त्यांच्या रजेवर आहे. मला ते ऐकायला आवडेल.

राहता राहिली ती मुलगी. काल संध्याकाळी मी तिला परत जाऊ दिले नाही. तिच्या मैत्रिणींना निरोप दिला. आज सकाळी खालच्या मजल्यावरचे डॉक्टर येऊन पाहून गेले. हाच ताप आहे, वेळेत कळले, आठवडाभर पडून राहायला हवे, असे त्यांनी सांगितले. सकाळी ती कामावर जायला उठली होती. भिंतीला धरून दारापर्यंत आली. मी दाराला कडी घातली आणि आडवी उभी राहिले. ती रडली, मुदतवाढ गेली म्हणाली, माझ्याशी भांडली. मग दमून झोपली. सबब तिची आजची आणि या आठवड्याची गैरहजेरी तिची नसून माझी समजावी आणि जी काही कारवाई व्हायची ती माझ्यावर व्हावी. मी आपली कर्मचारी नाही याची मला कल्पना आहे. तरीही काही तरतूद असेल तर पाहावी.

आज आपल्या कक्षात वाचणारे कोणी नाही. भावोजी एकटेच बसले असतील. सहावीच्या पुस्तकाचे काम आहे असे कळते. ते थांबेल.

थांबू द्यावे.

परवानगी न घेता हे सर्व केले असले तरी
आपली नम्र,

(सही)
दिवंगत मूळप्रत वाचक यांची पत्नी,
टंकलेखक

दिनांक : आजचा, सोमवार

सोबत :
निमंत्रणपत्र (परत)
खिडकी उघडण्याबाबतच्या संमतीपत्रांचे मसुदे, तीन
मुलीचा वैद्यकीय दाखला. त्यावर तिची सही नाही. ती झोपली आहे, उठवलेली नाही.